तिखाडीचे ठोंब

चार जुने भिलाईकर जमले की भट्टीच्या, क्रेनच्या गोष्टी निघतात. आमच्या गँगच्या निघतात त्या गवताच्या! कारखाना उभा राहायच्या आधी तिथलं रान साफ करायचं काम आमचं. मुकादम गणपतराव, विदर्भातून आलेले आम्ही, आणि समोर तिखाडी.

*

तिखाडी हे विरळ रानातलं उंच गवत. पातं चुरडलं की अत्तरासारखा वास. आमच्या डब्याला तो, घामालाही तोच. गावी गेलो तर आई म्हणाली, "कावून रे, अत्तराच्या दुकानात लागला का?" अंगावर धड सदरा नव्हता माझ्या!

*

उन्हाळ्यात आम्ही अख्खा पट्टा जाळला आणि ऐटीत साहेबांना दाखवला. पावसाळ्यात प्रत्येक जळक्या ठोंबातून हिरवे कोंब! "ये तो मरा ही नहीं!" साहेब ओरडले. मग एकेक ठोंब मुळासकट खणत बसलो.

*

झोपड्याही तिखाडीनेच शाकारल्या. डास येत नाहीत म्हणे. डास आले नाहीत, ठिणगी आली! पात्यात तेल असतं, रांगच्या रांग भुर्रकन गेली. "वास मात्र झकास सुटला," गणपतराव म्हणाले. आम्ही हसलो. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

*

सखू आमच्याच गँगमध्ये टोपल्या उचलायची. नुकती चालायला लागलेली तिची पोर हगवणीने गेली. पट्ट्याच्या कडेला पुरली. आम्ही नवे बौद्ध; पंचशील म्हणायला लागलो आणि मध्येच अडलो. खूण काय ठेवणार? लाकूड चुलीत जायचं, दगड खडीत. गणपतरावांनी तिखाडीचा ठोंब आणून लावला. "दरसाल फुटते हे, सखू. पेरा लागत नाही." दर पावसाळ्यात ती पात्यावरून उजवा हात फिरवून यायची आणि मग त्याचा वास धुऊन जाऊ नये म्हणून जेवताना डावा हात वापरायची.

*

मग सपाटीकरणाला डोझर आला. पोरीची जागा वाचावी म्हणून आम्ही ठोंबाला लाल फडकं बांधलं. जे झाड आधी पाडायचं, त्याला लाल फडकं बांधायचं, हा आमच्याच गँगचा नियम! डोझरवाल्याने तो पाळला. सखूला सांगायला कोणाची जीभ रेटेना.

*

पुढच्या पावसाळ्यात त्या सपाट पट्ट्यावर जागोजागी तिखाडी फुटली. डोझरने त्या एका ठोंबाच्या मुळाचे तुकडे करून पसरले होते आणि तुकडा न् तुकडा जगला होता. पाहुणे येणार होते. "दुपारपर्यंत साफ करा," साहेबांनी हुकूम सोडला. कुदळी घेऊन गेलो, तर सखू आधीच तिथे. एका ठोंबापाशी बसायची, हात फिरवायची, उठून दुसऱ्यापाशी.

गणपतराव खाली मान घालून म्हणाले, "सखू, कोनता तिचा, आता कसं समजन वो?"

"नाही समजत, भाऊ. म्हनून तं सगळ्याइपाशी बसून राहिली. एक जरी सुटला तं तिले वाटन, माय आलीच नाही."

दुपारी साहेब आले तेव्हा कुदळी एका बाजूला पडल्या होत्या आणि आमची अख्खी गँग एकेका ठोंबापाशी बसलेली होती.