मालक ‘बघतो’ म्हणाले होते

आमच्या बॅगा विमानतळाच्या आधी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काट्यावर चढल्या. टॉवेलचे गठ्ठे तोलायचा काटा तो. माझा नवरा संजय तिथंच कारखान्यात मशिनी दुरुस्त करायचा, त्यामुळं निघायच्या सकाळी सगळे कामगार आमचं वजन करायला गोळा झाले. एक जण शेंगाचटणीची पिशवी काढायचा, मी परत कोंबायची. आमची अनू पाच वर्षांची, ती स्वतःच काट्यावर जाऊन बसली. कारखान्याचे मालक लांबून बघत होते. जवळ येऊन त्यांनी एवढंच विचारलं, तिकडं तुमचं कोण बघणार?

“तिकडचे मालक बघतो म्हणालेत की,” हे म्हणाले.

मग काळजी न्हाय, असं म्हणत मालकांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. आणि आम्ही कॅनडाला निघालो.

सोलापुरातल्या माझ्या माणसांना हे सांगायची गरज नाही, पण आमच्यासारखं घरदार उचलून निघालेल्या बाकीच्यांना सांगते. आमच्याकडं ‘बघू’ म्हणजे नाही. कुणी ‘बघू’ म्हणालं की चहा पिऊन उठायचं. पण ‘बघतो’ म्हणजे काम झालं. अनूला बालवाडीत प्रवेश मिळत नव्हता, तेव्हा जुने मालक ‘बघतो’ म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात पोरगी शाळेत. एकदा माणूस ‘बघतो’ म्हणाला की परत विचारायचं नाही. परत विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नाही म्हणण्यासारखं.

तर ह्यांची मुलाखत व्हिडिओवर झाली. छोट्या गावातली मोठी लॉन्ड्री. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल. चांगल्या कामगाराला कायम राहायला मदत करू, असं जाहिरातीतच होतं. ह्यांनी धीर करून विचारलं, पर्मनंट रेसिडेन्सीचं कसं? तो गोरा मालक छान हसला आणि म्हणाला, “वुई विल लुक इनटू इट.” हे खुर्चीतून उठलेच. बघतो म्हणाले! सोलापूरजवळ होटगीला माझ्या सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, घरोघरी पेढे वाटले.

खोटं कशाला बोलू, पहिली वर्षं बरी गेली. हे मशिनी सांभाळायचे, मला तिथंच घड्या घालायचं काम मिळालं. सोलापुरात टॉवेलला शिलाई मारायची, इथं त्याची घडी घालायची, टॉवेलनं काही माझा पिच्छा सोडला नाही. स्नो पडला की मालक स्वतः गाडी काढून आम्हाला घरी सोडायचा. अनूच्या वाढदिवसाला केक आणायचा. फोनवर आत्या विचारायच्या, कागूद झाला का ग? मी म्हणायची, होतंय आत्या, मालक बघतायत. मालकाला मात्र आम्ही एका शब्दानं विचारलं नाही. मी दोन-चारदा ह्यांना टोचलं. हे म्हणाले, “सारखं सारखं विचारलं तर माणूस काय म्हणंल?” मलाही ते पटत होतं की.

माझ्या शेजारी घड्या घालणारी मारी फिलिपिन्सची. एक दिवस ती मिठाई घेऊन आली, तिला रेसिडेन्सी मिळाली होती. तुमचं कुठवर आलं, तिनं विचारलं. मालक बघतायत म्हटल्यावर ती माझ्याकडं बघतच राहिली. ती म्हणे आल्यापासून दर महिन्याला ऑफिसात जाऊन उभी राहायची. मालक वैतागला, पण काम केलं. आमचं वर्क पर्मिट वर्षभरात संपणार होतं.

ह्यांना न सांगता मी ऑफिसात गेले. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, आमच्या रेसिडेन्सीचं काय झालं? मालक गोंधळला. त्याला ते नीट आठवतही नव्हतं. मग आठवलं तसा तो म्हणाला, “हो, बघतो म्हणालो होतो. आणि मी बघितलं. तेव्हा जमण्यासारखं नव्हतं.” दुसऱ्याच वर्षी बघून झालं होतं त्याचं! मग आम्हाला सांगितलं का नाही? तो म्हणाला, तुम्ही परत विचारलं नाही, मला वाटलं तुम्हाला नको असेल. आता नव्यानं करायचं तर नियम बदललेत, वेळही राहिला नाही. खरंच वाईट वाटलं त्याला. दुसऱ्या दिवशी घरी फळांची टोपली आली.

हे रात्री जेवले नाहीत. नुसते म्हणाले, माणूस वाईट नाही ग. तेव्हा मात्र माझा तोल गेला. वाईट नाही म्हणून काय त्याची आरती करायची? आपलं सगळं बिऱ्हाड त्याच्या एका वाक्यावर उचलून आणलं, आणि त्याला ते वाक्य आठवत नाही! बोलून घेतलं, मग रडले. राग त्याचा होता का आमच्या रीतभातीचा, मला अजून कळलेलं नाही.

वकील केला. त्यानंही ‘जमणार नाही’ म्हणून मान हलवली. शेवटी होटगीला फोन लावला. मला वाटलं आत्या हाय खातील, पेढे वाटून बसल्यात. त्या म्हणाल्या, “मग या की. घर काय पळून गेलंय व्हय? हाय तितंच हाय.” सांगते तुम्हाला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला झोप लागली. वाटलं, जाऊ दे, आपलं घर तरी आहे. हेही जरा मोकळे झाले. जुन्या मालकांना फोन करून कामाचं विचारलं.

राहिली अनू. आता अकरा वर्षांची. मराठी समजते, बोलायला कंटाळते. रविवारी सकाळी तिला जवळ घेऊन सांगितलं, बाळा, आपण उन्हाळ्यात सोलापूरला परत जाणार आहोत. आजी आहे, शाळा चांगली आहे, तुला सायकल घेऊ. तिनं सगळं ऐकून घेतलं. आदळआपट नाही, रडणं नाही. शाळेत शब्दाची चूक दाखवावी तसं, सावकाश मराठीत म्हणाली, “आई, परत तुम्ही जाणार. मी नुसती जाणार.”

इथलं सरकार म्हणतं, हे तिचं घर नाही. ती म्हणते, ते तिचं घर नाही. आत्यांनी तिच्यासाठी खोलीला रंग द्यायचं काढलंय. रोज फोनवर विचारतात, पोरीला कुठला रंग आवडतो. मी रोज सांगते, आत्या, तिला विचारून सांगते. आणि मी तिला विचारत नाही.