एकेचाळीस मोबाइलमधलं सर्टिफिकेट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ऑफिसातल्या एका बाईंचा दवाखान्याचा रिपोर्ट मी त्यांच्या नवऱ्याच्या आधी वाचला. दुपारच्या सुट्टीत त्यांनी तो मोबाइलवर उघडला, आणि दहा मिनिटांनी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मी उघडला. तो मला वाचता यावा अशी सोय त्यांच्या फोनमध्ये मीच करून ठेवली होती. चोरून नाही. त्यांच्यासमोर बसून, त्यांनी मागवलेला चहा पीत.

अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी आहे. औषधांच्या बाटल्यांवर चिकटवायची लेबलं आम्ही छापतो. मी तिथला कॉम्प्युटरवाला. नेमणुकीच्या पत्रावर पद जरा भारदस्त आहे, पण प्रिंटरमध्ये कागद अडकला की हाक मलाच येते. राहायला मुलुंडला. मुळात कमी बोलतो. कमी बोलणाऱ्या माणसाजवळ लोक निर्धास्त असतात. याच्याकडून गोष्ट कुठे जाणार नाही, असं त्यांना वाटतं. माझ्याबाबतीत ते बरीच वर्षं खरंही होतं.

लॉकडाऊननंतर साहेबांनी एक पेटी आणली. ऑफिसचं सगळं वायफाय त्या पेटीतून जाणार, आणि कोण काय बघतं ते तिला कळणार. पण हल्ली बहुतेक साइटचं बोलणं बंद पाकिटातून चालतं. वाटेत कोणी पाकीट उघडलं तर मोहोर तुटलेली दिसते आणि फोन बोंब मारतो. आमची पेटी पाकीट उघडायची, वाचायची, नव्या पाकिटात घालून त्यावर स्वतःची मोहोर लावायची. ही मोहोर खरी मान, बोंब मारू नकोस, असं प्रत्येक फोनला एकदा सांगून ठेवावं लागतं. ते सांगणं म्हणजे सर्टिफिकेट. एक छोटीशी फाइल. ती फोनात घातली की फोन गप्प.

आम्ही एकेचाळीस जण होतो. दोन दिवसांत मी एकेचाळीस फोनांत ती घातली. झालेल्या फोनच्या पाठीवर एक हिरवं गोल स्टिकर लावायचो. ती स्टिकरं आमच्याच कारखान्यातली, तपासून पास झालेल्या लेबलांच्या रोलवर लावायची. हिरवं असेल त्याचं वायफाय चालू, बाकीच्यांचं बंद. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत लोक आपणहून रांगेत उभे राहिले. ती फाइल घालायला फोनला लॉक लागतं, आणि आमच्याकडे निम्म्या लोकांच्या फोनला लॉकच नव्हतं. मी म्हटलं, पिन ठेवा. ते म्हणाले, तुम्हीच ठेवा, आम्ही विसरू. मग सगळ्यांना मी एकच पिन ठेवून दिली, गोडाऊनच्या कुलपाची, कारण ती सगळ्यांना पाठ होती. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

डिस्पॅचच्या टेबलावर त्या बाई होत्या. चाळिशी उलटलेली, घाटकोपरच्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे. मी वयानं मोठा म्हणून त्या मला दादा म्हणायच्या. शेजारी पॅकिंगच्या टेबलावर त्यांची मैत्रीण, मालवणकडची. अकरा वर्षं दोघी एकाच पेपरवर डबे उघडून जेवत होत्या. एकीची भाकरी, दुसरीची सुकट, आणि वासावरून आम्हा बाकीच्यांची रोजची कुरकुर.

"इले बघ पोलिओवाले," मैत्रीण म्हणाली. "तोंड उघड गो."

"मला दोन थेंब जास्त द्या दादा, अशक्तपणा आहे," म्हणत ताईंनी फोन पुढे केला.

बाकीच्यांचे फोन इंग्रजीत होते. पडद्यावर काय येतं ते कोणी वाचलं नव्हतं. ताईंचा फोन मराठीत होता आणि त्यांनी वाचलं. कपाळावरचा चष्मा खाली ओढून, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत. "तुमचा. डेटा. खाजगी. राहणार. नाही." मग माझ्याकडे बघून, "हे काय म्हणतंय हो?"

खाली बटण होतं, 'तरीही इंस्टॉल करा'.

"ते तसं लिहावंच लागतं त्यांना," मी म्हणालो. "सिगरेटच्या पाकिटावर असतं ना, तसं."

"म्हणजे ता खराच असता की!" मैत्रीण खिदळली.

"गप गं. दादा करतायत ना." मग ताईंनी आवाज जरा खाली घेतला. "यात माझं काही दिसत नाही ना कोणाला?"

"काही नाही दिसत ताई. उलट नेट सुरक्षित होतं."

बटण त्यांनीच दाबलं. कुठे दाबायचं ते मी दाखवलं.

पेटीत एक यादी असते. कोणत्या प्रकारच्या साइटची पाकिटं उघडायची नाहीत, त्यावर टिक करायची. बँकांवर मी टिक केली. पैशाच्या भानगडीत कोण पडणार. त्याच्याच खालच्या ओळीत 'आरोग्य' होतं. त्यावर केली नाही. विसरलो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. विसरलो नव्हतो. ती ओळ वाचली होती आणि पुढे गेलो होतो. साहेबांना जितकं जास्त दिसेल तितकं माझं काम चोख दिसेल, एवढाच हिशोब होता.

दर शुक्रवारी मी साहेबांना यादी द्यायचो. कोण मॅच बघतं, कोण शेअरबाजार. असंच एकदा यादी काढताना ताईंनी नेटवर शोधलेली ओळ दिसली. 'गाठ दुखत नसेल तर काय.' दुसऱ्या दिवशी, 'काखेतली गाठ साधी असते का.' पुढच्या दिवशी मी मुद्दाम त्यांचं नाव शोधून बघितलं. मग रोजच. काळजी वाटते म्हणून बघतो, असं मनाशी म्हणायचो. काळजी असती तर चहाच्या वेळी विचारलं असतं, ताई, बरं नाही का. मी विचारलं नाही. संध्याकाळी घरी जायच्या आधी एकदा उघडून बघायचो, आज त्या कुठवर आल्या ते.

त्या वर्षी दसऱ्याला नेहमीप्रमाणे मशीनची पूजा झाली. ताईंच्या हातात हळदीकुंकवाचं ताट. छपाईचं मशीन, कटर, तराजू, बारकोडचा प्रिंटर, सगळ्यांना बोटं ओढत त्या माझ्या कोपऱ्यापर्यंत आल्या. भिंतीवर पेटी घरघरत होती.

"दादा, हिला राहिलं की! रुसेल ना."

त्यांनी पेटीला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं एक फूल वरच्या पट्टीत खोचलं आणि हात जोडले. आदल्याच दिवशी त्यांनी नेटवर विचारलेलं मला माहीत होतं, 'नवऱ्याला कसं सांगावं'. मी प्रसादाचा पेढा घेतला.

रिपोर्ट दिवाळीनंतर आला. त्यातलं निम्मं इंग्रजी मला कळलं नाही. जेवढं कळलं तेवढं पुरे होतं. त्यात मिलिमीटरमध्ये एक माप होतं. ते माझ्या डोक्यातून आजही जात नाही. स्वतःच्या मुलीचा बारावीचा रोल नंबर मला आठवत नाही.

तरीसुद्धा इथे थांबलो असतो तर कदाचित हे लिहायला बसलो नसतो.

त्या शुक्रवारी केबिनमध्ये साहेब वैतागले होते. "एवढी महागाची पेटी घेतली," ते म्हणाले, "आणि तू सांगतोस काय, तर कोण क्रिकेट बघतो. ते मला काचेतून दिसतं रे."

"बरंच काही दिसतं, साहेब."

"उदाहरणार्थ?"

दहा उदाहरणं देता आली असती. दोघं जण दुसरी नोकरी शोधत होते, ते सांगता आलं असतं. पण जे मी रोज वाचत होतो तेच तोंडात आलं.

"डिस्पॅचच्या ताईंना गाठ आहे. रिपोर्ट चांगला नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अरेरे," म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलं, मी समोर होतो. मग त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. ताईंचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरअखेर संपत होतं. मी केबिनमधून बाहेर आलो तेव्हा कामगिरी दाखवल्यासारखं वाटत होतं. तेही इथे लिहून ठेवतो.

डिसेंबरात साहेबांनी ताईंना बोलावलं. आता तब्येतीकडे बघा, आराम करा, कॉन्ट्रॅक्टचं पुढे बघू, असं काहीतरी. कॉन्ट्रॅक्ट गेलं की कंपनीचा मेडिक्लेमही जातो. ऑपरेशन जानेवारीत ठरलं होतं. ताईंनी विचारलं, तुम्हाला कोणी सांगितलं. साहेब म्हणाले, अहो, इथे सगळी घरचीच माणसं, कळतं.

त्या बाहेर आल्या त्या सरळ पॅकिंगच्या टेबलापाशी. मी तिथेच बारकोडचा प्रिंटर उघडून बसलो होतो.

"कोणाला बोललीस?"

"काय गो?" मैत्रिणीच्या हातात टेप होती.

"साहेबांना सगळं माहीत आहे. नवऱ्याला सांगितलं नव्हतं तेव्हा तुला सांगितलं मी. तुला एकटीला."

"माझ्या चेडवाची शप्पथ, मी कोणाकच सांगूक नाय."

"मग काय भिंतीनं सांगितलं?"

"माका काय ठाऊक! दवाखान्यात तुझ्यावांगडा दिवसभर कोण बसला होता? मी. आणि मीच सांगान?"

"तुझ्याशिवाय कोणाला माहीतच नव्हतं गं. तूच सांग मग कोण."

मैत्रिणीनं टेप टेबलावर ठेवली. ताई माझ्याकडे वळल्या. "दादा, तुम्ही बोला. साहेबांना दुसरं कोण सांगणार?"

प्रिंटरचं झाकण माझ्या हातात होतं.

"मला काय माहीत, ताई."

दुसऱ्या दिवशी ताई आपल्या टेबलावर जेवल्या, मैत्रीण आपल्या. वर्ष संपलं तेव्हा ताई सगळ्यांचा निरोप घेत फिरल्या, माझाही. पॅकिंगच्या टेबलापर्यंत त्या गेल्या नाहीत.

मैत्रीण अजून आमच्याकडेच आहे. दुपारी ती भिंतीकडे तोंड करून डबा खाते. सुकट आणायची बंद झाली आहे. मधल्या काळात एक-दोघींनी तिच्याशी जपून बोलायला सुरुवात केली, "हिला काही सांगू नका हं" असं तिच्या देखत हसत म्हणाल्या. ती पण हसली. मी ऐकलं.

मी साहेबांना सांगून यादीत 'आरोग्य'वर टिक केली. पुढे ती पेटी बदलली, नवी आली, तीही मीच बसवली. पण फोनवर कसलीही परवानगी मागणारी चौकट आली, अगदी रिक्षा बोलावताना का असेना, की तो आवाज येतो, एकेक शब्द सुटा करत वाचणारा. तुमचा. डेटा. खाजगी. मागे बायकोची एक साधी तपासणी होती. रिपोर्टचं पाकीट माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "बघ ना काय लिहिलंय." मला ते उघडवेना. तिला वाटलं मी घाबरलो. म्हणाली, "एवढं प्रेम आहे हे माहीत नव्हतं," आणि पाकीट स्वतः उघडलं. सगळं ठीक होतं.

गेल्या वर्षी घाटकोपरला मेट्रोच्या जिन्याखाली कोणीतरी "दादा" अशी हाक मारली. केस बारीक कापलेले, अंग उतरलेलं. मी ओळखलं नाही.

"नाही ना ओळखलं? मलाही आरशात वेळ लागतो," ताई म्हणाल्या. ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं, उशिरा झालं, पण झालं. आता तीन महिन्यांनी एकदा दाखवायला जातात. मग पिशवीतून फोन काढला. तोच. स्टिकर कडेनं झिजलेलं. "बरं झालं भेटलात. हा सारखा अडकतो, बघा ना जरा."

मी मेमरी मोकळी केली. तसाच सेटिंगमध्ये आत गेलो. आमच्या कंपनीच्या नावाचं सर्टिफिकेट तिथे होतं, मुदत संपायला अजून कितीतरी वर्षं. मी ते काढून टाकलं.

"काय काढलंत?"

"ऑफिसचं जुनं होतं काहीतरी."

"काढा, काढा. तिथलं काही नको मला." फोन परत घेत त्यांनी विचारलं, "ती बरी आहे का हो?"

"आहे."

"आजारपणाचं मी सोसलं दादा. नोकरीचंही. पण ती अशी वागेल असं वाटलं नव्हतं. केमोला बसायचे ना, तेव्हाही तेच डोक्यात. अजून कधी कधी फोन हातात घेते, लावावासा वाटतो. मग म्हणते, कशाला." त्यांनी फोन पिशवीत टाकला. "तुम्ही तेवढे सरळ होतात तिथे."

मी घड्याळ बघितलं. उशीर होतोय म्हणालो. उशीर होत नव्हता.

ताईंचा नंबर माझ्याकडे आहे. मैत्रीण माझ्यापासून पंधरा पावलांवर बसते. दोघींना एका जागी बोलावून मला एवढंच सांगायचं आहे, की तिनं सांगितलं नव्हतं, मी सांगितलं. आणि ते मला कळलं कसं, तेही. दोघींचं हे देणं मी लागतो. मी ते अजून दिलेलं नाही.