तेरेखोल बुडाली तो रविवार

विनया दाबके यांना पाण्याची भीती वाटत असे, आणि ही गोष्ट त्यांच्या नवऱ्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. नदी-समुद्र तर लांबच राहिले, घरातल्या शॉवरखालीही त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. बादली आणि तांब्या, तेही मान मागे टाकून. पाणी ओघळून नाकाशी आलं की त्यांचा श्वास कोंडायचा आणि हातापायांतलं बळ जायचं. त्यामागे घडलेलं असं काही नव्हतं. लहानपणी घरातलं कुणी बुडालं नव्हतं, त्यांना कुणी विहिरीत ढकललं नव्हतं. कारण असतं तर ते सांगून चारचौघांची सहानुभूती तरी मिळाली असती. कारण नाही म्हणून त्या गप्प राहिल्या, आणि गप्प राहायची सवय झाली.

लग्न ठरलं तेव्हा मुलगा दिल्लीत सरकारी नोकरीला आहे आणि दिल्लीला समुद्र नाही, या दोन्ही गोष्टींनी त्यांना सारखंच हायसं वाटलं होतं. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला. पुढे त्यांना फरीदाबादच्या एका पंपाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली. तिथे त्या तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर वाकून पंपांची चित्रं काढत राहिल्या. आधी पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर.

"पाण्याला भिणारी बाई, आणि जन्मभर पाणी उपसायची सोय बघत बसली," अशोकराव म्हणायचे.

"मग काय, आत येऊ देऊ?" त्या म्हणायच्या.

दोघंही निवृत्त झाल्यावर त्यांनी फरीदाबादलाच फ्लॅट घेतला. त्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर सुजय राहत असे. आईवडील साताऱ्याकडचे, पण हा जन्मला-वाढला दिल्लीत. गुडगावला कॉम्प्युटरची नोकरी करायचा. एका संध्याकाळी तो दारात उभा राहिला.

"काकू, तुम्ही पंपवाल्या ना? एक एकदम छोटा पंप बनवून हवाय. माझं जहाज दर संडेला बुडतं, यार." मग जीभ चावून म्हणाला, "सॉरी. यार निघून गेलं तोंडातून."

"जहाज? फरीदाबादेत?"

तेव्हा त्यांना तो छंद कळला. महायुद्धातल्या युद्धनौकांच्या माणसाएवढ्या लांब प्रतिकृती करायच्या, रिमोटवर तळ्यात चालवायच्या आणि एकमेकांवर खरोखर गोळीबार करायचा. जहाजाची कूस बाल्साच्या लाकडाची, पापडासारखी पातळ. आतल्या तोफा गॅसच्या दाबावर गोल पोलादी छर्रे फेकतात. छर्रा लागला की कुशीला भोक पडतं, पाणी आत येतं, आणि पोटातला पंप ते बाहेर फेकत राहतो. पंप हरला की जहाज तळाशी. मग ते बाहेर काढायचं, भोकं बुजवायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा लढायचं. बल्लभगढच्या पुढे एका गावात मासे पाळायचं जुनं तळं या मंडळींनी भाड्याने घेतलं होतं.

विनयाताईंनी सुजयला पंप करून दिला आणि त्या दिवसापासून त्याचं जहाज बुडायचं कमी झालं. मग त्यांच्याच हातांना चैन पडेना. वर्षभर बाल्कनीत बसून त्यांनी स्वतःची युद्धनौका बांधली. फासळ्या प्लायवूडच्या, डेकवरच्या उंच खांबांना पितळी तारांचे ताण, प्रत्येक जोड स्वतः डाग देऊन पक्का केलेला. नाव अशोकरावांनी ठेवलं. त्यांच्या गावाकडच्या नदीचं, तेरेखोल.

तेरेखोल कधीच बुडाली नाही. चाळणी होऊन परत यायची, पण तरंगत यायची. मंडळी कौतुक करायची आणि विनयाताई कसनुसं हसायच्या. कारण या खेळात एक नियम होता. बुडालेलं जहाज ज्याचं त्यानेच पाण्यात उतरून काढायचं. नियमाला अर्थ होता. बुडालेल्या जहाजाच्या तोफांत गॅस भरलेला असतो, आणि तोफ अडवणारी पिन कुठल्या भोकात बसते हे बांधणाऱ्यालाच नीट माहीत असतं. आधी पिन, मग जहाजाला हात. तो नियम ऐकला त्याच दिवशी विनयाताईंनी एकाच्या जागी दोन पंप बसवले. त्यांचं सगळं कसब त्या एका भीतीतून आलेलं होतं, आणि रविवारी सकाळी तळ्याकडे जाताना गाडीत त्यांचे तळवे घामाने ओले असायचे.

"नको वाटतंय तर नको जाऊया," अशोकराव म्हणायचे.

"बुडत नाही हो ती," त्या म्हणायच्या. स्वतःलाच.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी धुकं उशिरा उठलं. काठावर सगळे डोळ्यांना जाड चष्मे लावून रिमोट धरून उभे होते. पंच होते श्यामजी, शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. त्यांनी शिट्टी वाजवली. सुजयचं 'वाघनख' सरळ तेरेखोलच्या कुशीला भिडलं. टकटक, टकटक, सुक्या शेंगा फुटाव्यात तसा आवाज. तेरेखोलच्या दोन्ही बाजूंनी पंपांच्या धारा उडायला लागल्या. विनयाताईंची नजर त्या धारांवर खिळलेली. मग एक धार बारीक झाली आणि थांबली. बाल्साची कपची अडकली असणार. दुसरा पंप एकटा पुरा पडेना. जहाज एका बाजूला कललं, शेपटाकडून खाली गेलं, खांबाचं टोक क्षणभर दिसलं आणि पाणी मिटलं.

काठावर टाळ्यांचा कडकडाट झाला. "डूब गई! तेरेखोल डूब गई!" सुजय तर नाचायलाच लागला.

विनयाताईंना टाळ्या ऐकू येत होत्या, पण लांबून.

"आंटीजी, आपका फ्लोट कहाँ है?" श्यामजींनी विचारलं.

जहाज बुडालं की त्याच्या डेकमधलं एक बूच सुटून दोरीसकट वर येतं, म्हणजे जहाज कुठे आहे ते कळतं. तेरेखोलचं बूच वर आलं नाही. विनयाताईंना लगेच उमगलं. आठवड्यात त्यांनी डेकला व्हार्निशचे दोन हात दिले होते आणि ब्रश त्या बुचावरूनही फिरला होता. त्याची कधी गरजच पडली नव्हती, म्हणून हात थांबला नव्हता. बूच डेकला चिकटून बसलं होतं. आता जहाज पायाने चाचपडूनच शोधावं लागणार होतं.

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. चहासारखं गढूळ. पाय उचलेना.

"काकू, तुम्ही कशाला या ठंडीत?" सुजय बूट काढत म्हणाला. "मी काढतो ना."

"हाँ हाँ, आंटीजी थोड़े ही उतरेंगी," श्यामजी म्हणाले. "जा बेटा."

नियम सगळ्यांना पाठ होता, पण साठी उलटलेल्या बाईला पाण्यात उतरवायचं कसं? कुणाच्या मनातही आलं नाही. आणि विनयाताई, ज्यांनी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं, त्या म्हणाल्या, "बरं."

सुजय छातीभर पाण्यात पोचला तेव्हा त्यांना आपल्या मुठीत काहीतरी टोचलं. पिन. लढाईआधी तोफेतून काढलेली पिन त्यांच्याच हातात होती.

आणि मग दुसरी भीती आली, पहिलीपेक्षा मोठी. रिमोटचा हुकूम तोफेपर्यंत पोचवणारी, जहाजातली रेडिओची डबी. डबीला रबरी पट्टी लावलेली होती, पण त्यांनी घरी टबात बुडवून पाहिलं होतं. पाणी हळूहळू झिरपतंच. आणि पाणी लागलं की रेडिओ बिथरतो आणि तोफेचा खटका आपोआप हलतो. घरी तोफ रिकामी होती. आज भरलेली होती.

"सुजय! थांब! पिन इथे आहे!"

"काय काकू?" त्याने चष्मा कपाळावर सरकवला होता. "दिसतच नाही काही, सगळा कीचड. अरे, मिळालं! पायाला लागलं!"

"हात लावू नकोस! चष्मा घाल! मागे हो!"

"होतोय, होतोय..." तो थांबला. पुन्हा झटका दिला. "काकू, पाय अडकलाय. तारेत. निघत नाहीये."

त्यांचे पितळी ताण. एकही जोड कच्चा नव्हता. तो खांब मागच्या तोफेला लागूनच होता. म्हणजे तोफेचं तोंड सुजयच्या नडगीशी. आणि तो पाय सोडवायला वाकला, तर चेहरा.

"वाकू नकोस!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की काठावरचं हसणं थांबलं. "जसा आहेस तसा उभा राहा. हलू नकोस."

अशोकराव शेजारी आले होते. "पिन दे. मी जातो."

"तुम्हाला भोक सापडायचं नाही. मी त्याची जागा बदललीय."

"मला सांग कुठे आहे ते."

"चाचपडून कळणार नाही हो. काडीच्या टोकाएवढं आहे." त्यांचे दात वाजत होते, आणि अजून त्या पाण्यात उतरल्याही नव्हत्या. "मलाच जायला हवं."

अशोकरावांनी त्यांच्या खांद्यावरची शाल काढून घेतली.

पहिलं पाऊल गाळात घोट्यापर्यंत रुतलं. पाणी सलवारीतून वर चढायला लागलं. गुडघे, मांड्या, कंबर. मागे वळावंसं प्रत्येक पावलाला वाटलं. पाणी छातीला लागलं तेव्हा श्वास आत जायचा थांबला. त्या नुसत्या तोंड उघडून उभ्या राहिल्या. समोर सुजयचा चेहरा पांढरा पडलेला. त्यालाही आता कळलं होतं.

"काकू, फुटेल का ते?"

"बोलू नकोस."

त्यांनी त्याची बाही घट्ट धरली आणि दुसरा हात खाली घातला. खांबाचं टोक लागलं. त्याखालची तार, तारेत अडकलेला त्याचा घोटा. तोफ आणखी खाली होती. हात पुरेना. खांदा पाण्यात गेला, मग हनुवटी, तरी पुरेना. पाणी ओठांशी होतं.

त्यांनी डोळे मिटले आणि चेहरा पाण्यात घातला.

कानांत घुम्म आवाज भरला. नाकात पाणी शिरलं. सगळं अंग वर ये, वर ये म्हणून ओरडत होतं. बोटं मात्र त्यांच्या ओळखीच्या जागेवर होती. तोफेची गोल भिंत, तिच्यावरचा डाग, डागाच्या खाली डावीकडे. पिनचं टोक एकदा घसरलं, दुसऱ्यांदा घसरलं, तिसऱ्यांदा आत गेलं. त्यांनी अंगठ्याने ती शेवटपर्यंत दाबली आणि अंगठा तसाच ठेवून दोन बोटांनी तार वाकवली. घोटा सुटला. तेवढ्यात अंगठ्याखाली खटका थरथरला. आतून धक्का बसला, पिनने तो अडवला आणि गॅस फसफसत त्यांच्या मनगटावरून वर गेला.

त्या वर आल्या तेव्हा पाण्यावर बुडबुडे फुटत होते. सुजय त्या बुडबुड्यांकडे बघत होता.

"झालं, काकू. झालं. चला."

विनयाताई हलल्या नाहीत. पाय गाळात होते आणि पायांना काही सांगितलेलं ऐकूच येत नव्हतं. पाणी छातीशी डुचमळत होतं.

"मला हलता येत नाहीये," त्या म्हणाल्या. "मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून."

सुजयला आधी ती थट्टा वाटली. मग त्याने त्यांचे डोळे पाहिले.

"क्या हुआ?" काठावरून श्यामजी ओरडले. "सब ठीक?"

"काही नाही, ठीक है..." सुजयने सुरुवात केली.

"काही नाही म्हणू नकोस," विनयाताई म्हणाल्या. "सांग त्यांना. तू सांग, माझा आवाज निघत नाहीये."

सुजयने एकदा त्यांच्याकडे, एकदा काठाकडे पाहिलं. "आंटी को पानी से डर लगता है!" तो ओरडला. "बहुत डर लगता है! कोई आओ!"

कुणी हसलं नाही. अशोकराव केव्हाच निघाले होते, पायांत बूट आणि हातात घड्याळ तसंच. त्यांनी एका बाजूने धरलं, सुजयने दुसऱ्या.

"एक पाऊल," अशोकराव म्हणाले. "माझ्याकडे बघ. पाण्याकडे नको. आता दुसरं."

काठावर श्यामजी आणि बाकीचे गुडघाभर पाण्यात उतरून हात पुढे करून उभे होते. विनयाताई डोळे मिटून, नवऱ्याच्या कोटात नखं रोवून, लहान मुलासारख्या मोठ्याने रडत त्यांच्याकडे येत होत्या. मागे तळाशी तेरेखोल होती. तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं.