सिंहाची डावी भुवई

आमच्या ह्यांनी जन्मात सिंह पाहिला नव्हता. इंग्लंडातल्या आमच्या हेरफर्ड गावात तो कुणीच पाहिला नव्हता, त्यामुळे त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण सरदार लोकांना ढालीवर सिंहच लागतो, त्याला कोण काय करणार? कुणी डुक्कर मागतो, कुणी मासा मागतो, एकाला तर तीन कोंबड्या हव्या होत्या. पण बाकी सगळे आपले सिंह, सिंह आणि सिंह. आणि आमच्याकडचा सिंह म्हणजे अंग बाजूला आणि तोंड थेट बघणाऱ्याकडे. तोंड आलं म्हणजे नाक-डोळे आले. ते कुठून आणायचे?

ह्यांनी ते माझ्याकडून आणले. न विचारता!

ह्यांचं नाव विमंड. वाय नदीच्या पुलाजवळ आमचं दुकान, आणि ढाली रंगवणं हा ह्यांचा धंदा. मी हॉविस, ह्यांची बायको. फळीवर चामडं ताणायचं, वर खडू आणि सशाच्या कातड्याचा सरस यांचे थर द्यायचे, मग रंग. रंग कालवायला अंड्यातलं पिवळं, सोन्याचा वर्ख चिकटवायला पांढरं. म्हणजे कोंबड्या मी पाळायच्या आणि अंडी सिंहांनी खायची. आम्ही दोघं आपले वाटाण्याची पेज पीत बसलेलो. मी कटकट केली की हे म्हणायचे, "अगं, थोडं हळू बोल, वर्ख उडतोय." खरंच उडायचा. त्यामुळे सोन्याचं काम चालू असलं की मला घरात तोंड उघडायची बंदी. माझ्यासारखीला!

आणि मी गप्प बसले की माझी डावी भुवई वर चढते. नाक मुळात चपटं, हनुवटीला खळी, ओठ घट्ट मिटलेले. समोर हे माझं असं ध्यान, आणि ह्यांना सिंहाचं तोंड काढायचंय. झालं!

मला हे कित्येक वर्षं कळलंच नव्हतं. आपला चेहरा आपल्याला कुठे दिसतो? कळलं ते एमटमुळे. ही एमट पुलावर हेरिंग मासळी विकते आणि तिचा आवाज पार वेशीपर्यंत जातो. घोडेस्वारांच्या खेळाआधी सगळ्या ढाली मैदानाच्या कुंपणावर टांगतात, लोक बघायला जातात. तिथं गर्दीत ही बया ओरडली, "अगं हॉविस! तू तिथं वर काय करतेयस? आणि कपडे कुठेत तुझे?"

लोक हसून हसून लोळले. मी पाहिलं, आणि काय सांगू! एका ढालीवर मी, पलीकडच्या ढालीवरही मीच, आणि कोपऱ्यात लाल जमिनीवर एकाखाली एक अशा तीन मी, शेपट्या वर करून!

घरी येऊन मी जे तोंड सोडलं ते विचारू नका. हे आपले वर्खाला चकाकी यावी म्हणून तो कुत्र्याच्या दातानं घोटत बसले होते. म्हणाले, "अगं, सिंह रागीट दिसला पाहिजे ना. मी दुसरं कुणाचं बघणार?"

"एमटचं बघा!"

"तिचं मासळीसारखं आहे. ते वेगळ्या ढालीला लागेल."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

मग ॲशकोटच्या वॉरिनची ढाल आली. ॲशकोटच्या गढीच्या मालकीणबाई मेलिसंट, त्यांचा हा एकुलता एक मुलगा. नवरा आधीच गेलेला. पोरगा गोड. एवढा सरदाराचा मुलगा, पण आमच्याकडे आला की उंबऱ्यावर बसून माझ्या हातचं चीज खायचा आणि मला हॉविसमावशी म्हणायचा. त्याला फ्रान्सच्या लढाईवर जायचं होतं. घराण्याची निशाणी निळ्या जमिनीवर सोन्याचा सिंह. मी ह्यांना सरळ सांगितलं, "ही ढाल समुद्रापार जाणार. आता फ्रेंचांनी पण मला बघायचं का? घ्या शपथ, हिच्यावर माझं तोंड नको."

ह्यांनी संत लूकची शपथ घेतली. तो रंगाऱ्यांचा संत, त्याच्या नावानं खोटं बोलायला कुणी धजत नाही. मी निश्चिंत झाले आणि बहिणीच्या बाळंतपणाला गेले. मी परत येईपर्यंत वॉरिन जाता जाता दुकानातूनच ढाल उचलून बंदराकडे गेलासुद्धा. ती मी पाहिली नाही, त्याच्या आईनं पाहिली नाही. पाहिली फक्त ह्यांनी, तीही धड नाही. ह्यांच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरायला लागला होता. ती ह्यांची शेवटची ढाल. हिवाळा आला तोवर हे दाराची चौकट चाचपत चालायला लागले.

ईस्टरआधीचे लेन्टचे उपास सुरू व्हायच्या सुमारास ॲशकोटहून निरोप आला. वॉरिन लढाईत गेला. त्याची ढाल आली आहे. ती देवळात टांगायची आहे, तर विमंडनं येऊन डागडुजी करून द्यावी.

ह्यांना आता दिसत नाही हे मेलिसंटबाईंना माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मी रंग लावते, तुम्ही नुसतं सांगा." दोघं निघालो, ह्यांचा हात माझ्या खांद्यावर.

गढीतल्या देवळात वेदीच्या पायरीवर ढाल ठेवली होती. भिंतींवर काळं कापड चढवणं चालू होतं. मेलिसंटबाई बाकावर बसल्या होत्या, एवढ्याशा झालेल्या. शेजारी जर्व्हेस हेरल्ड उभे. कुणाची ढाल कोणती हे ध्यानात ठेवायचं आणि लढाईनंतर मैदानात फिरून कोण पडलं ते सांगायचं, हे त्यांचं काम. माणूस भला. ते हळूच म्हणाले, "नदीत सापडला बिचारा. चेहरा ओळखू येण्यासारखा राहिला नव्हता. ढाल हातात होती, तिच्यावरूनच ओळखलं."

मी ढालीपुढे गुडघे टेकले. खालचं टोक तुटलेलं, निळा रंग पोपडे धरून सुटलेला. आणि मधे सोन्याचा सिंह. लांब नाक, सरळ भुवया, तोंड अगदी शहाण्या मेंढीसारखं. माझं नव्हतं.

मला रडूच कोसळलं. उंबऱ्यावर बसून चीज खाणारं ते पोर डोळ्यांपुढे आलं. आणि खोटं का बोलू, वाईट दुसऱ्याही गोष्टीचं वाटलं. त्याच्यासोबत मी तरी असते तिथं, असं वाटून गेलं. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही शब्द पाळलात हो. माझं तोंड नाही हिच्यावर."

हे ताठच झाले. "काय नाही?"

"माझं तोंड."

"भुवई बघ. डावी."

"सरळ आहे."

"नाक?"

"लांब."

"हनुवटीला खळी?"

"खळी कसली? दाढी आहे त्याला."

हे चाचपडत पुढे झाले, ढालीला नाही, बाकाला हात लागला त्यांचा. मोठ्यानं म्हणाले, "बाईसाहेब, ही ढाल मी केलेली नाही."

"अहो!" मी ओरडले. "आणि शपथ?"

"मोडली."

"संत लूकची?"

"अगं, मला दिसत नव्हतं गं," हे म्हणाले. "समोर सगळं धुकं. सिंह बिंह काही डोळ्यांपुढे येईना. तुझा चेहरा तेवढा पाठ होता. हातानं तोच काढला. तुला सांगायची हिंमत झाली नाही."

जर्व्हेस हेरल्ड पुढे आले, ढालीकडे पाहत राहिले. म्हणाले, "तिकडे दूर उत्तरेत, यॉर्कशायरकडे एक घराणं आहे. निळ्यावर सोन्याचा सिंह, हाच. दोन्ही घराण्यांना एकमेकांची गंधवार्ता नाही. असं होतं कधी कधी. मी ढाल बघितली आणि जवळचं नाव घेतलं."

मेलिसंटबाई उठल्या. माझी हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. "हॉविस, नक्की? विमंडचा सिंह असाच दिसतो?"

मी तेव्हा ह्यांच्यावर इतकी संतापले होते की बोलवेना. डावी भुवई कपाळात. ओठ मिटलेले. जर्व्हेस हेरल्ड एकदम म्हणाले, "अरेच्चा! हा सिंह मी पाहिलाय. हेरफर्डच्या खेळात, किती ढालींवर!"

मेलिसंटबाई हसल्या का रडल्या, कळलं नाही. नोकरांना म्हणाल्या, "ते काळं कापड उतरवा."

ती ढाल यॉर्कशायरला गेली. तिकडे कुणी दुसरी आई असणार. तिच्यासाठी मी मेणबत्ती लावली, दुसरं काय करणार?

पण खरी परीक्षा पुढे होती. कापड उतरलं, तरी पोरगा कुठे आला होता? आपण त्या बाईला आशा लावून बसलो, आणि उद्या ती खोटी ठरली तर? तिच्यापुढे कुठल्या तोंडानं जायचं? ह्यांना पुन्हा पुन्हा विचारायची, "नक्की माझंच काढलंत ना?" हे म्हणायचे, "आधी नको म्हणून भांडलीस, आता हवं म्हणून भांडतेस." मी पंचवीसदा देवाला सांगितलं, ह्यांचं पाप माफ कर आणि ते खरं असू दे.

गवताची कापणी चालू असताना पुलावरून एमटचा आवाज आला. "हॉविस! अगं धाव! तू पुलावर येतेयस!"

मी पिठाच्या हातानं धावले. वॉरिन होता. वाळून काठी झालेला, पण पायांवर उभा. तापानं फ्रान्सातल्या बोर्दोच्या मठात पडून होता, लढाईला गेलाच नव्हता. पाठीवर ढाल. मला बघून म्हणाला, "मावशी, आधी आईकडेच जायला निघालो होतो. पण तुमचं दार वाटेत, आणि ह्या बाई मला सोडेनात." ह्या बाई म्हणजे एमट. तिनं त्याची बाही धरून ठेवली होती.

मी त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि मग गळ्यात पडून रडले. सगळं पीठ त्याच्या अंगाला.

"आमच्या तुकडीत सगळे या सिंहाला मावशीच म्हणायचे," तो म्हणाला. "कुणी आळस केला की त्याला ढालीपुढे उभं करायचे."

त्याला मी अर्धी भाकरी आणि चीज देऊन आईकडे पिटाळलं. ढाल मात्र दुकानातच ठेवून घेतली, टवका उडाला होता म्हणून. हे बाकावर येऊन बसले.

"बघ ना," म्हणाले, "कसा झालाय? मला कुठे दिसला होता तेव्हा."

मी उजेडात धरून पाहिली. पहिल्यांदाच. भुवई चढलेली होती, ओठ मिटलेले होते. पण रागावलेली नव्हते मी. हसू दाबून धरलेलं होतं. एवढी वर्षं मला वाटायचं ह्यांना ते दिसत नाही.

मी म्हटलं, "नाक जरा जास्तच चपटं झालंय."

"इकडे ये," हे म्हणाले. हात पुढे करून त्यांनी माझं नाक चाचपलं, मग भुवई, मग ओठांची कड. बराच वेळ.

"काही चुकलेलं नाही," हे म्हणाले.