बुजवलेलं भोक

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी रनाळ्याच्या माझ्या दुकानात पंपाची मोटर उघडून बसलो होतो. सुरतेच्या कारखान्यात काम करता करताच त्याचं हृदय थांबलं. फोनवरच्या माणसाला मी आधी विचारलं, "टाकी फुटली का?" तो नाही म्हणाला. शाळेपासूनचा मित्र गेला आणि मला पहिली आठवली ती टाकीची भीती. त्याला कारण आहे.

हेमंत हायड्रोजन साठवायच्या टाक्या बनवायचा. प्लास्टिकच्या पोटावर कार्बनच्या धाग्यांची, प्लास्टिकात भिजवलेली पट्टी तापवून गुंडाळायची. वितळून थराला थर चिकटतो. पोलादापेक्षा कितीतरी हलकी टाकी. पण उष्णता जरा कमी पडली की आतला एखादा थर सुटा राहतो, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या थराला तो फार भ्यायचा. मी त्याला भित्रा म्हणून चिडवायचो. आपल्या शेडमधून बाहेर जाणाऱ्या नापास टाकीला तो स्वतः भोक पाडायचा, म्हणजे कुणी चुकूनही तिच्यात गॅस भरणार नाही.

गेल्या वर्षी अशीच एक भोक पाडलेली टाकी त्याने वडिलांना, म्हणजे नानांना, दाखवायला आणली. नाना ती एका हाताने उचलून गल्लीभर मिरवले. पुढच्या खेपेला हेमंत आला तर टाकी जागेवर नव्हती.

"संजूले दिधी," नाना म्हणाले. संजू त्यांचा भाचा, विसरवाडीला सीएनजी रिक्षा चालवतो. "भोक पडेल व्हतं, मी एमसील लाईसन बुजी टाकं. त्यानी गाडी हलकी व्हई जाई."

हेमंतचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही माझ्या मोटरसायकलवर निघालो. वाटभर तो मागे बसून काहीतरी पुटपुटत होता, मला फक्त 'नको, नको' एवढंच ऐकू येत होतं. संजूची रिक्षा सीएनजी पंपावर रांगेत उभी होती, टाकी मागे घट्ट बसवलेली, उतरलेल्या बाया लेकरं घेऊन शेजारीच. हेमंतने धावत जाऊन नळी धरलेल्या माणसाचा हात पकडला, टाकी काढायला लावली आणि तिथेच डांबरावर बसला.

"नानाले सांगू नको," मला म्हणाला. "त्यासले सहन व्हवाव नही." कंपनीने टाकी परत मागितली, एवढंच आम्ही नानांना सांगितलं.

तेराव्याला त्याचे सहकारी आठवण म्हणून त्याने बनवलेली शेवटची, नापास ठरलेली टाकी घेऊन आले. प्रेमाने आणली होती, म्हणून भोक पाडलं नव्हतं. नानांनी ती मांडीवर घेतली. शेजारी बसलेला संजू तिच्या तोंडावरून हात फिरवत होता. मी उठलो आणि दुकानातून ड्रिल आणलं.

"भोक नको पाडू," नाना म्हणाले. "मन्हा पोऱ्याना हातनी शे."

"नाना, त्यानाच नेम शे हाऊ."

नानांनी संजूकडे पाहिलं. "मंग मी जे बुजं..."

मी ड्रिलची वायर बोर्डात खोचली. नानांनी टाकी जमिनीवर ठेवली, दोन्ही हातांनी दाबून धरली आणि म्हणाले, "पाड."

आता ती टाकी हेमंतच्या खोलीत आहे. दाराला कुलूप असतं, किल्ली नानांच्या कमरेला. तरी रोज सकाळी ते आत जातात आणि भोकात करंगळी घालून बघतात, कुणी बुजवलं तर नाही ना.