आत्यानं न घेतलेलं नाव

"आक्का, तू नुसतं कुर्र कर. नाव दुसरं कुणीतरी घेईल."

हे वाक्य माझं आहे. सासूबाईंचं नाही, बायकोचं नाही. माझं. चौदा वर्षं मी ते कधी कबूल केलं नाही.

नगरला हॉलमध्ये मुलाचं बारसं होतं. सासुरवाडी शिकलेली, तीन पिढ्यांची मास्तरकी. आमच्याकडून फक्त माझी थोरली बहीण आली होती, मिरजगावहून, सकाळच्या एसटीनं. आईबाप राहिले नव्हते. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. म्हणून ती नवी साडी नेसून पाळण्याशी उभी. नाव ठरलं होतं अर्णव. बायकोनं इंटरनेटवरून काढलेलं.

आक्का वाकली. कुर्र केलं. "आरनव," म्हणाली.

बायका हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "अहो, अर्णव! बाणातला ण. म्हणा बरं."

"आरनव."

पुन्हा हशा. तिसऱ्यांदाही तेच. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "बाळाच्या कानात पहिलं नाव अशुद्ध जायला नको हो. तुम्हीच सांगा त्यांना."

आणि मी सांगितलं.

नाव बायकोच्या मैत्रिणीनं घेतलं. आत्याच्या पाठीत घालायचे धपाटे तिच्या पाठीत पडले. आक्का भिंतीकडे सरकली. जेवली नाही. "यष्टी चुकंल," म्हणाली आणि गेली.

का केलं मी असं? भीती. चौथीत गुरुजींनी मला शाळेतल्या माठाशी अडवलं होतं. "पाणी म्हण, मग पी." मी "पानी" म्हणालो. वर्ग खिदळला. आठवडाभर तहानलेला घरी आलो. शेवटी जीभ वळली. मला वाटलं, आता आपण माणसात आलो. आक्काला कुणी अडवलं नाही, कारण ती शाळेतच नव्हती. माझी पुस्तकं यावीत म्हणून दुसऱ्याच्या रानात खुरपत होती. त्या आक्काला मी भर हॉलमध्ये माठाशी उभं केलं. तिला तहानलेलं परत पाठवलं.

त्या वर्षांत घरोघरी अर्णव. मुलाच्या वर्गातच चार आहेत. मैदानावर एक हाक मारली की चौघं वळतात. सगळं जग ते नाव घेतं. आक्का घेत नाही. फोनवर विचारते, "पोरगं बरं हाय का?" चौदा वर्षं नुसतं पोरगं.

यंदा दिवाळीनंतर ती मोतीबिंदूसाठी आमच्याकडे आली. एका डोळ्यावर पट्टी. सासूबाईही आल्या होत्या. चहा घेताना हसत म्हणाल्या, "काय हो आक्का, आता तरी आलं का भाच्याचं नाव? म्हणून दाखवा की."

अर्णवही हसला. आक्कानं पदर ओठांवर धरला.

मी कप खाली ठेवला. "ती म्हणणार नाही. या घरात पुन्हा कुणी तिची परीक्षा घ्यायची नाही."

"अहो, गंमत केली."

"बारशालाही गंमतच होती. मीही सामील होतो त्या गमतीत."

बायको उठून आत गेली.

मला वाटलं, आक्काला बरं वाटलं असेल. स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा तिची माफी मागितली. म्हणालो, "त्याला नावानं हाक मार, आक्का. कशीही मार."

तिनं त्या एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. "आता बोललास व्हय? तवा सगळ्या हॉलानं माझी मान खाली गेल्याली बघितली. आन् तू बोललास चार भिंतीत." मग म्हणाली, "त्ये नाव तुमचं हाय बाबा. मला कुटं दिलं हुतं तुमी?"

एसटी लागली. ती चढली. मागं वळून बघितलं नाही.

तिचं बरोबर आहे. पुढच्या महिन्यात धाकट्या मेहुण्याच्या मुलीचं बारसं आहे. तीच माणसं असतील. त्यांच्यासमोर उभं राहून मी सांगणार आहे, माझ्या बहिणीचा मान मी काढून घेतला. तुमच्या भीतीनं घेतला, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं. मला तिचीच लाज वाटत होती.

ज्यांना तोंड फिरवायचं त्यांनी फिरवावं. आक्का येणार नाही, आणि ती माफ करेल म्हणून मी हे करतही नाही. अर्णवला सोबत नेणार आहे. तोही हसला होता. त्याला सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसवणार आहे.