डबल बेल

माझ्या लग्नाच्या आड एकच शब्द येत होता: ड्रायव्हर. "आपल्या घरात सगळे टेबलाशी बसणारे आणि जावई बस हाकणारा?" बाबा म्हणायचे. ते स्वतः फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. सदऱ्यावरचा शाईचा डागसुद्धा मिरवायचे. मला मात्र मुलगा बघताक्षणी आवडला होता, आणि हट्टात मी बाबांचीच मुलगी. शेवटी ते तयार झाले, पण तोंडचं 'तो ड्रायव्हर' काही सुटेना. लग्नाच्या दिवशी तरी त्यांनी त्याला जावई म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

लग्न अंधेरीला, घरामागच्या गणपतीच्या देवळासमोर मांडव घालून. बाबा दारात उभं राहून प्रत्येकाला विचारत होते, "कसे आलात?" घाटकोपरची आत्या बसनं. भटजी बसनं. वेसाव्याची कोळीण, आईची मैत्रीण, अबोलीचे गजरे घेऊन आली तीही बसनं. बाबांचे साहेबसुद्धा स्टेशनवरून बसनंच आले आणि वर म्हणाले, "झकास सोय झाली हो आता!" बाबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. नव्या देशाच्या उभारणीवर ते रोज जेवताना बोलायचे. त्या देशाला सकाळी कामाला कोण नेतं आणि संध्याकाळी घरी कोण आणून सोडतं, ते त्या दिवशी पाहुण्यांनीच त्यांना ऐकवलं. मला हसू आवरेना.

निम्मं वऱ्हाड खाकीत होतं. ड्यूटी संपवून तसेच आलेले ड्रायव्हर, कंडक्टर. आल्या आल्या त्यांनी सतरंज्या घातल्या, पाणी भरलं, म्हाताऱ्यांना हाताला धरून पुढे बसवलं.

सप्तपदी सुरू झाली. नवरदेव पुढे, मी मागे. आणि मधेच दर्शनाला आलेल्या कुणीतरी देवळातली घंटा वाजवली. एकच टोला. नवरदेव जागच्या जागी थांबला, मी त्याच्या पाठीवर आपटले.

मुलाचं मन फिरलं की काय? बाबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"वाट लागली!" त्याच्या बसवरचा कंडक्टर ओरडला. "सिंगल बेल पडली रे! अहो, एका घंटेला गाडी थांबवतो तो, आणि दोन पडल्याशिवाय सोडत नाय. मारा कुणीतरी डबल, नायतर बसा इथंच!"

जो हशा पिकला! भटजींनाही मंत्र सुचेनात. नवरदेव ओशाळून पाय उचलणार, इतक्यात बाबा उठले. "थांबा. नियम म्हणजे नियम," म्हणाले. धोतराचा सोगा सावरत देवळात गेले आणि घंटेला हात घातला.

टण, टण.

मग तिथूनच, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "चला जावईबापू. सांभाळून न्या हो माझ्या पोरीला."